विक्रांत कुठल्या तारखेची?

युद्धनौकेची प्रतिकृती करायला बसणाऱ्याला नौकेचं नाव पुरत नाही, तारीख लागते. भारतीय नौदलाची पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' करायची असं ठरवून कुणी छायाचित्रं गोळा करू लागला, तर त्याच्यापुढे एकाच नावाच्या निदान चार नौका येऊन उभ्या राहतात. एक १९६१ साली बेलफास्टहून मुंबईला आलेली, डेकवर सी हॉक आणि अलिझे विमानं बाळगणारी. दुसरी १९८३ नंतरची, सी हॅरियर घेऊन फिरणारी. तिसरी १९८९ पासूनची, पुढच्या टोकाला विमानांना उसळी देणारा स्की-जंप नावाचा चढ बांधून घेतलेली. चौथी मुंबईत संग्रहालय म्हणून नांगरलेली, जिच्या डेकवर २००१ ते २०१२ या काळात शाळांच्या सहली फिरल्या. आणि आता तर २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत दाखल झालेली नवी 'विक्रांत'ही त्याच नावाने, त्याच आर-११ या क्रमांकाने मध्ये येते. तिची लांबी २६२ मीटर, जुनीची २१३. १९७१च्या डिसेंबरातली, भारत-पाक युद्धातली 'विक्रांत' हवी असेल तर या ढिगातलं बरंचसं साहित्य चुकीच्या वाटेला नेतं. म्हणून माझं म्हणणं असं, की प्रतिकृतीकारांसाठी लिहिलेला संदर्भग्रंथ हे नौकेचं चरित्र नसतं. एका ठरलेल्या दिवशी ती कशी होती याचा तो निवाडा असतो. हे मान्य केलं की पुराव्यांची आपल्या मनातली उतरंड, म्हणजे आधी प्रत्यक्ष वस्तू, मग ड्रॉइंग, मग फोटो आणि शेवटी आठवण, बरीचशी उलटी करावी लागते.

'विक्रांत'चा जन्मच मुळी तारखांच्या गुंत्यातला. ब्रिटिश नौदलासाठी 'हर्क्युलिस' या नावाने तिचं बांधकाम न्यूकॅसलजवळच्या व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत १४ ऑक्टोबर १९४३ला सुरू झालं. ती पाण्यात उतरली २२ सप्टेंबर १९४५ला, म्हणजे जपानची शरणागती होऊन गेल्यावर. १९४६मध्ये काम थांबलं आणि अर्धवट नौका दहा वर्षं तशीच पडून राहिली. जानेवारी १९५७मध्ये भारताने ती विकत घेतली आणि बेलफास्टच्या हारलँड अँड वूल्फ गोदीत ती पूर्ण झाली. पण पूर्ण झाली ती मूळ आराखड्यातली नौका नव्हे. १९४३चा आराखडा सरळ डेकचा आणि पंख्याच्या विमानांचा होता. १९६१ला जी आली तिचा डेक तिरपा होता, जेट विमान फेकायला वाफेवर चालणारा कॅटापल्ट होता, उतरणाऱ्या वैमानिकाला वाट दाखवणारी आरशाची यंत्रणा होती. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टमध्ये विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती नौदलात आली तेव्हा तिच्यावर ४० मिलिमीटरच्या १६ बोफोर्स तोफा होत्या. पुढे त्या निम्म्यावर आल्या. १९७९ नंतर मोठी दुरुस्ती झाली, सी हॅरियर येणार म्हणून. १९८०च्या दशकाअखेर स्की-जंप बसला आणि कॅटापल्ट गेला. ३१ जानेवारी १९९७ला ती निवृत्त झाली. या प्रत्येक टप्प्यावर नौकेच्या अंगावरचं काहीतरी उतरलं आणि काहीतरी चढलं: तोफा, रडार, ॲन्टेना, शिड्या, बोटी, जाळ्या. इतिहासकाराला यातलं बरंचसं एका वाक्यात आटोपता येतं. प्रतिकृतीकाराला ती सोय नाही. तोफ लावायची की नाही, लावायची तर कुठे, हे ठरवल्याशिवाय त्याचा हात पुढे जात नाही.

आता पहिला आक्षेप. नौका मुंबईत उभी होती, लोक तिच्यावर चढून फिरत होते. मग फोटो आणि कागद कशाला चाळायचे? जे डोळ्यांनी दिसलं त्याहून मोठा पुरावा कोणता? आक्षेप सरळ वाटतो, पण मुंबईत दिसत होती ती १९९७ साली थांबलेली नौका, आणि तिच्यावर संग्रहालयाच्या सोयीसाठी केलेले बदल. १९७१ साली ज्या टोकावरून सी हॉक झेपावले त्या टोकावर संग्रहालयाच्या काळात चढ होता, कॅटापल्ट नव्हता. ज्याने फक्त ही नौका पाहून १९७१ची प्रतिकृती केली त्याची चूक लहानसहान नाही, थेट नाकावरची आहे. वाचलेली वस्तू आपल्या तरुणपणाबद्दल खोटं बोलते, आणि तेही इतक्या खरेपणाने की शंका येत नाही. उलट बुडालेली नौका बघा. अमेरिकेची 'यॉर्कटाउन' मिडवेच्या लढाईत जून १९४२मध्ये बुडाली, १९९८ साली रॉबर्ट बॅलार्ड यांना पाच किलोमीटर खोल पाण्यात सापडली, आणि एप्रिल २०२५मध्ये अमेरिकी संशोधकांनी खोल पाण्यातला कॅमेरा तिच्या हँगरमध्ये डोकावला तर आत चक्क एक मोटार उभी दिसली, १९४०च्या सुमाराची फोर्ड असावी अशी. ती मोटार कुठल्याही आराखड्यात नव्हती. टॉर्पेडोंनी फाटलेली, गाळात बसलेली 'यॉर्कटाउन' आपली तारीख पक्की धरून आहे. जिंकून घरी परतलेल्या 'विक्रांत'ने ती पुढच्या पंचवीस वर्षांच्या सेवेत टाकून दिली. पराभूत जहाजं संशोधकाला अशी अनपेक्षित कामाला येतात.

याचा अर्थ संग्रहालयातली नौका निरुपयोगी होती असा मात्र नाही. जे बदलत नाही ते मोजायला तिच्याइतकी चांगली जागा दुसरी नव्हती: पत्र्यांचे जोड, हँगरची उंची, खिडक्यांमधलं अंतर, आयलंडचा, म्हणजे डेकच्या कडेला उभ्या असलेल्या मनोऱ्याचा पाया. स्थिर ढाचा वस्तूवरून घ्यायचा आणि फिरता साज तारखेच्या पुराव्यावरून, अशी कामाची वाटणी करता आली असती. ती संधी आता संपली. २०१२मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने नौका लोकांना बंद झाली, लिलाव झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१४च्या अखेरीस मुंबईच्या दारूखान्यात ती तोडायला घेतली. तिचं काही पोलाद बजाजच्या मोटारसायकलीत गेलं. त्या वेळचा शोक 'नौका जपायला हवी होती' असा होता आणि तो खोटा नव्हता. पण नौका तोडण्याआधी तिचं तपशीलवार मोजमाप छापून सर्वांच्या हाती द्यावं, ही मागणी त्या शोकात फारशी ऐकू आली नाही. पोलाद जपणं फार खर्चाचं. माप जपायला त्या मानाने काहीच लागत नाही.

दुसरा आक्षेप ड्रॉइंगचा. ब्रिटिश गोद्यांची ड्रॉइंग प्रसिद्ध आहेत, ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाकडे जहाजांच्या आराखड्यांचा प्रचंड साठा आहे. मग त्यांच्यावरून काम का होऊ नये? याचं उत्तर बेळगावजवळच्या मच्छे औद्योगिक वसाहतीत टर्नर-फिटरला वेगळं समजवावं लागणार नाही. तिथे ड्रॉइंग हातात आलं की आधी कोपऱ्यातल्या चौकटीत रिव्हिजन नंबर बघतात, कारण जुन्या रिव्हिजनवर काढलेला जॉब कितीही सफाईदार असला तरी स्क्रॅपमध्येच जातो. शिवाय ड्रॉइंग म्हणजे काय करायचं ठरलं होतं त्याची नोंद; मशीनवरून प्रत्यक्ष काय उतरलं ते गेज लावल्यावर कळतं. ब्रिटिश नौदलालाही हा फरक ठाऊक होता. म्हणून बांधणीचा आराखडा वेगळा आणि नौका पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष जसं बसवलं तसं दाखवणारं ड्रॉइंग वेगळं, अशी त्यांची पद्धत होती. संशोधकाने ही दुसरी जात शोधायची. पण तीही एका दिवसाची असते. १९६१चं उत्तम ड्रॉइंग १९७१बद्दल दहा वर्षं जुनं आहे, आणि त्या दहा वर्षांत गोदीतल्या फोरमनने काय हलवलं, कमांडरने सोयीसाठी काय वेल्ड करून घेतलं, हे बेलफास्टच्या कागदाला कुठून कळणार?

इथेच आणखी एक मोह उभा राहतो, बहिणींचा. 'हर्क्युलिस' ही मॅजेस्टिक वर्गातल्या सहा नौकांपैकी एक. ऑस्ट्रेलियाची 'मेलबर्न', कॅनडाची 'बोनाव्हेंचर' या तिच्या सख्ख्या बहिणी, आणि 'बोनाव्हेंचर' तर त्याच बेलफास्टच्या गोदीत पूर्ण झालेली. या दोघींचे फोटो आणि वर्णनं मिळायला सोपी, म्हणून जिथे 'विक्रांत'बद्दल माहिती नाही तिथे बहिणीचा तपशील चिकटवायचा, ही प्रतिकृतीकारांची सर्रास चाललेली युक्ती. जहाजाच्या तळापुरती ती चालते. डेकच्या वर गेलं की नाही. तिन्ही देशांनी आपापल्या विमानांना आणि खिशाला मानवेल तसं वरचं सामान बसवलं. ग्रंथकाराने बहिणीवरून उसनं घेतलेलं प्रत्येक माप उसनं म्हणून छापावं. वाचकाला गृहितकाचा राग येत नाही; गृहितक वस्तुस्थितीच्या वेषात आलं आणि ते वर्षभराच्या कामानंतर कळलं की मात्र येतो.

मग उरतो फोटो, आणि माझ्या मते तोच पहिल्या मानाचा. अट एकच: त्याची तारीख लावता यायला हवी. सुदैवाने विमानवाहू नौकेचा फोटो आपली तारीख स्वतःच बऱ्याचदा सांगतो, कारण डेकवर विमानं असतात आणि विमानांच्या सेवेची वर्षं ठाऊक असतात. सी हॉक दिसला तर फोटो १९७० च्या दशकाअखेरीच्या पुढचा नाही. सी हॅरियर दिसला तर १९८३च्या आधीचा नाही. सी हॅरियर आणि अलिझे एकत्र दिसले तर चारेक वर्षांच्याच पट्ट्यात येतो. चढ दिसला की १९८९च्या आसपास किंवा नंतर. विमानं पट्टीचंही काम करतात: सी हॉकची लांबी सुमारे १२ मीटर, अलिझेच्या पंखांचा पसारा सुमारे १५.६ मीटर, विमान ज्या अंतरावर उभं आहे त्याच अंतरावरच्या लिफ्टचं किंवा तोफेच्या चौथऱ्याचं माप त्यावरून काढता येतं. थोडी भूमिती, थोडा संयम आणि एकाच वस्तूचे दोन वेगळ्या कोनांतले फोटो एवढं हाती असलं, तर चुकीची मर्यादा प्रतिकृतीच्या दृष्टीने नगण्य होते. १:३५०च्या प्रमाणात जुनी 'विक्रांत' ६१ सेंटिमीटर भरते आणि तिच्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले ३५ सेंटिमीटर. एवढी सूट असलेला संशोधक सुखी म्हणायचा.

फोटोवर भोळा विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक छायाचित्रांवर सेन्सॉरने रडारच्या ॲन्टेना चक्क खोडलेल्या असतात, त्यामुळे डोलकाठी रिकामी दिसली म्हणून ती रिकामी होती असं होत नाही. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग काळपट आणि निळा फिकट उतरतो. कॅमफ्लाजचे पट्टे त्यावरून वाचताना दोन करड्या छटांची अदलाबदल सहज होते. रंगीत फोटोही वर्षानुवर्षांत रंग सोडतो. पण हे दोष ओळखता येतात, नियमाने सुधारता येतात. युद्धकाळातल्या लेखी कागदाचा दोष याहून अवघड असतो, कारण तो कधी कधी शत्रूने वाचावा म्हणूनच लिहिलेला असतो. १९७१चंच उदाहरण घ्या. पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी 'विक्रांत'च्या मागावर होती. पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी 'विक्रांत' उत्तर अंदमानातल्या पोर्ट कॉर्नवॉलिसला लपवली आणि 'राजपूत' ही जुनी विनाशिका विशाखापट्टणमसमोर पाठवून तिला 'विक्रांत'च्या नावाचे संदेश पाठवायला लावले. विशाखापट्टणमच्या कंत्राटदारांकडे मोठ्या नौकेला पुरेल एवढा मांस-भाजीचा शिधाही मागवला, बातमी फुटावी म्हणून. ३-४ डिसेंबरच्या रात्री 'गाझी' विशाखापट्टणमजवळ बुडाली, आणि ४ डिसेंबरला 'विक्रांत'चे सी हॉक कॉक्स बाजारवर तुटून पडले. उद्या एखाद्या अभ्यासकाला त्या नोव्हेंबरातली कंत्राटदाराची वही सापडली, तर कागदाच्या न्यायाने 'विक्रांत' विशाखापट्टणमलाच होती! दप्तरातल्या कागदाला आपण जो मान देतो तो शांततेच्या काळात ठीक आहे.

आठवणींना मी शेवटी ठेवतो. नौसैनिकांचा मान राखायचा नाही का, असं इथे कुणी विचारेल. मान राखण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न आठवण कशाची साक्ष देऊ शकते एवढाच आहे. तोफेजवळची ती पेटी कशासाठी होती, डेकवरच्या पट्ट्यांच्या अलीकडे का उभं राहायचं नाही, अलिझे रात्री का आणि सी हॉक दिवसा का पाठवत, हे माणूस नेमकं सांगतो आणि फोटो सात जन्मांत सांगणार नाही. पण पेटी १९७१ला होती की १९७४ला आली, हे माणूस हमखास चुकतो. आठवणीवरच अवलंबून राहावं लागलं की काय होतं ते जपानच्या 'शिनानो'वरून दिसतं. 'यामातो' वर्गातल्या युद्धनौकेच्या सांगाड्यावर बांधलेली ही अतिप्रचंड विमानवाहू नौका १९ नोव्हेंबर १९४४ला नौदलात आली आणि दहा दिवसांत अमेरिकन पाणबुडी 'आर्चरफिश'ने बुडवली. तिचे दोनच फोटो प्रसिद्ध आहेत: एक आकाशातून बी-२९ विमानाने टिपलेला, दुसरा चाचणीच्या वेळी टोकियोच्या उपसागरात एका बोटीवरून घेतलेला. शरणागतीच्या वेळी जपान्यांनी दप्तरं जाळली. तरीही बाजारात 'शिनानो'चे संच विकले जातात, रंगवण्याच्या सूचनांसकट! वाईट नाहीत ते. पण त्यात बराचसा तर्क आहे हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

'विक्रांत'ची अवस्था इतकी बिकट नाही, आणि यातून संशोधनाची एक दिशा निघते. कुठल्याही जहाजाचा उत्तम फोटो त्याच्यावरून निघत नाही, शेजारच्या जहाजावरून निघतो. 'विक्रांत'वरच्या माणसाच्या अल्बमात विमानं आणि मित्र असतात. तिचा पूर्ण देह दिसतो सोबतच्या नौकांवरून. १९७१ला तिच्याबरोबर पूर्वेकडच्या ताफ्यात 'कामोर्ता' होती, आणि 'कामोर्ता'चे कप्तान होते मनोहर प्रल्हाद आवटी, त्या युद्धातले वीरचक्रविजेते, पुढे व्हाइस ॲडमिरल, निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिलेले. सागरी इतिहासाचं भान असलेला हा माणूस. मुंबईची मेरिटाइम हिस्टरी सोसायटी १९७८ साली त्यांनीच उभी केली. 'विक्रांत'च्या शोधात जाणाऱ्याने 'विक्रांत'च्याच माणसांची दारं ठोठावण्याआधी 'कामोर्ता', 'ब्यास', 'ब्रह्मपुत्रा' यांच्या माणसांकडे जावं. कोकणपट्टी सोडाच, बेळगाव-निपाणी-चंदगड भागातही फौजेच्या तिन्ही दलांतून निवृत्त होऊन आलेल्यांची घरं गावोगाव आहेत. पत्र्याच्या ट्रंकेतल्या फोटोमागे शाईने लिहिलेली तारीख संदर्भग्रंथाच्या दृष्टीने फोटोहून मोलाची. म्हणून घरच्यांनी स्कॅन करताना मागची बाजूही करावी, एवढं त्यांना सांगायला हवं.

सगळ्यात चिवट आक्षेप मात्र हा, की खेळण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? काचेच्या पेटीतल्या नौकेवर आठ तोफा असोत की सोळा, पाहुण्याला कळणार आहे थोडंच? पाहुण्याला कळणार नाही, कबूल. पण प्रतिकृती हा असा वाचक आहे, जो प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नांतून कधी कधी युद्धाचाच अर्थ लागतो. समुद्रासह प्रतिकृती करायची झाली तर नौकेच्या नाकापुढे लाट किती उंच करायची? 'विक्रांत'चा आराखड्यातला वेग सुमारे साडेचोवीस नॉट. पण १९७० साली तिच्या बॉयलरच्या ड्रमला तडे गेल्याचं आढळलं, आणि युद्धात ती बरीच कमी गतीने, वाफेचा दाब सांभाळत चालत होती. तेव्हा लाट लहान हवी. आणि लाट लहान म्हणजे नौकेने स्वतः निर्माण केलेला समोरचा वारा कमी. वारा कमी म्हणजे विमान उडवताना हातची सवलत कमी. म्हणजे नैसर्गिक वारा कुठून वाहतोय त्यावर दिवसाचं वेळापत्रक अवलंबून. कप्तान स्वराज प्रकाश आणि सी हॉक तुकडीचे प्रमुख संतोषकुमार गुप्ता यांना महावीरचक्र मिळालं, हे आपण पाठ्यपुस्तकासारखं वाचून पुढे जातो; तडा गेलेल्या बॉयलरच्या नौकेवरून चितगाव, खुलना, मोंगलापर्यंत विमानं पाठवत राहणं किती जिकिरीचं होतं, ते त्या लाटेची उंची ठरवताना ध्यानात येतं. व्हाइस ॲडमिरल हिरानंदानी यांनी लिहिलेल्या नौदलाच्या इतिहासात बॉयलरची कथा आहे. पण ती डेकशी जोडून वाचण्याची गरज प्रतिकृतीकारालाच पडते.

असा ग्रंथ मराठीत किंवा इंग्रजीत कुणी हाती घेतलाच, तर मी त्याचं नाव 'विक्रांत' ठेवणार नाही, 'विक्रांत, डिसेंबर १९७१' ठेवीन. बाकीच्या तारखांना परिशिष्टात जागा. प्रत्येक आकृतीखाली ती कशावरून काढली हे लिहीन: तारीख लागलेला फोटो, प्रत्यक्ष बसवणीचं ड्रॉइंग, बहिणीवरून उसनं, की आठवण. रिकाम्या जागा रिकाम्याच छापीन. आणि कामाची सुरुवात मुंबईहून नव्हे, गोव्याहून करीन. मच्छ्याहून खानापूर-लोंढ्याच्या वाटेने घाट उतरून जाता येईल अशा अंतरावर, वास्कोजवळ बोगमाळोला, नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. सी हॉक आणि अलिझे तिथे उभे आहेत. त्यांच्या अंगावरचा रंग पुरावा म्हणून घेऊ नये, कारण उघड्यावर ठेवलेल्या विमानांना पुन्हा पुन्हा रंग द्यावाच लागतो. मिटलेल्या पंखांची रुंदी, चाकांमधलं अंतर, अलिझेच्या पंख्याचा व्यास ही मापं मात्र कालबाह्य झालेली नाहीत, आणि १९७१च्या प्रत्येक फोटोतला डेक मोजायची पट्टी तीच आहे. नौदलाची दुसरी विमानवाहू नौका 'विराट' संग्रहालय होऊन सिंधुदुर्गात निवतीजवळ उभी राहील असा प्रस्ताव महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०१८ साली मंजूर केला होता. २०२०मध्ये ती अलंगला तोडायला गेली. तिच्याही १९८२च्या, फॉकलंड युद्धातल्या 'हर्मिस' या जुन्या रूपाचा शोध आता सी हॅरियरच्या मापावरूनच घ्यावा लागेल, आणि तेही विमान बोगमाळोला आहे.